हात लावू नका

सीपीआरच्या बाकड्यावर, अगदी टोकाला,
तोंडावर उपरणं आवळून तो बसलेला.
केसपेपरवर: कृष्णात मायाप्पा पुजारी, वय सत्तावीस,
राहणार पट्टणकोडोली, धंदा ड्रायव्हर.
शेजारी बाप, घोंगडं, घोंगड्याला मेंढरांचा वास.

उपरणं सोडलं.
उजवा गाल तळहाताएवढा नांगरलेला,
कड जांभळी, आतून पोखरलेली,
भाजल्या वांग्याच्या सालीसारखी सुटून आलेली.
आणि त्यात भंडारा.
बापाने देवाचं नाव घेऊन भरलेला, पिवळाधमक,
पू पिऊन काळा पडत चाललेला.

"आधी पुळी हुती, बाई. तुरीएवढी."
इचलकरंजीत एकाने कापली. आठ दिवसांत दुप्पट.
जयसिंगपुरात दुसऱ्याने खरवडून साफ केली.
परत दुप्पट.
दोघांचेही हात चांगले, मला ठाऊक आहेत.
काही जखमांना चाकू म्हणजे खत.

मीही कडेचा तुकडा घेतला, भीत भीत.
टीबी निघाला नाही. बुरशी नाही. कॅन्सर नाही.
जंतूच नाहीत.
काचेवर नुसत्या पांढऱ्या पेशींच्या झुंडी,
शत्रूची खोटी हूल ऐकून
आपल्याच गावात शिरलेली फौज.

"तपकीर ओढतोस?"
"न्हाई."
"नाकातून दुसरं काही?"
"न्हाई, बाई."
बाप म्हणाला, सुपारीचं खांड न्हाई त्येच्या तोंडात कधी.
मी एका नाकपुडीला टॉर्च लावला.
उजेड दुसरीतून बाहेर आला.

आम्ही दोघं गप्प, मी आणि कृष्णात.
बापाला वाटलं, तपासणी अशीच असते.

त्याला चहाला धाडलं.
मग पोरगं भिंतीकडं बघत बोललं.
गोव्याच्या ट्रिपा, आठवड्याला तीन.
आंबोलीचा घाट, रात्री दोन.
टिप म्हणून पार्टीवाल्यांनी दिलेली पुडी, मग विकत घेतलेली.
"झोप येत न्हाई त्येनं. घाटात झोप न येणं म्हंजे..."
वाक्य त्याने पुरं केलं नाही. मीही केलं नाही.

कोकेन कुणी निव्वळ विकत नाही.
वजनासाठी, नशेला टोक यावं म्हणून
त्यात कालवतात एक जुनं औषध,
जनावरांच्या जंतांवरचं.
नाव मी पुटपुटले असेन: लेव्हामिसोल.

मायाप्पा दारात. हातात तीन कप.
"त्ये तर आमच्या मेंढरांचं."
कप हिंदकळले.
"पावसाच्या आधी पाजतो की. नळकांड्यानं.
ह्येला कुणी पाजलं?"
मला उत्तर येत होतं. मी कृष्णातकडे पाहिलं.
"शंभर मेंढरं, बाई. एकाचंबी तोंड असं झालं न्हाई."

सिद्ध काही होणार नव्हतं.
लघवीतून ते केव्हाच निघून गेलेलं,
रक्तातल्या खुणा बोट दाखवतात, नाव सांगत नाहीत.
निदानाच्या रकान्यात मी लिहिलं
पायोडर्मा गँग्रिनोसम, पुढे प्रश्नचिन्ह.
कारणाच्या रकान्यावर पेन थांबलं
तेव्हा तो माझ्या हाताकडे बघत होता,
जसं कुणी वळणावर समोरच्या दिव्यांकडे बघतं.
लिहिलं. लिहावंच लागतं.
उद्या कुणी तिसरा सुरी घेऊन बसला तर
त्याला ते वाचता आलं पाहिजे.

स्टेरॉइडच्या गोळ्या दिल्या. पुडी बंद.
कापायचं नाही, खरवडायचं नाही,
भंडारा कपाळाला लावा, गालाला कुणी हात लावू नका.
"देवाचा असला तरी?"
देवाचा असला तरी.

आले परत ते सव्वादोन महिन्यांनी.
खड्डा भरलेला, वर चाळणीसारखी कातडी,
पिठाची चाळण उलटी ठेवल्यागत.
बापाचा हात गालापर्यंत गेला
आणि मी सांगितलेलं आठवून हवेतच थांबला.
म्हटलं, आता लावा. आता चालेल.
त्याने हात घोंगड्यात ओढून घेतला.
कधी, कुणी सांगितलं त्याला, मी विचारलं नाही.
"गाडीवर जाऊ दे का ह्येला?" एवढंच म्हणाला.